देवाचा पहिला भार

आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, सहाही प्लग माझ्या रुखवतातल्या पितळी ताटलीत ओतले आणि ताटली माझ्यापुढे सरकवली.

"घास," त्या म्हणाल्या. "तुझ्या पायगुणानं काळं पडल्यात, तूच घास."

मी रॉकेलची वाटी आणि तारेचा ब्रश घेऊन अंगणात बसले. हातातल्या हिरव्या चुड्याची चमकही अजून गेली नव्हती आणि नखांत मात्र गॅरेजवाल्यासारखं काळं तेल बसलं होतं. प्लग म्हणजे इंजिनाच्या डोक्यात बसवलेली बोटाएवढी वस्तू. तिच्या टोकाशी ठिणगी पडते आणि पेट्रोल पेटतं. टोक घाण झालं की ठिणगी पडत नाही, मग गाडी खोकते आणि बंद पडते. एवढं मला सासरी येऊन कळलं होतं. घरातल्या पुरुषांना त्याहून जास्त काही कळतं, असं मला कधी दिसलं नाही.

सासर वाईच्या अलीकडचं एक गाव. सासऱ्यांची, म्हणजे आबा बाबरांची, तिथं लाकडाची वखार होती आणि वखारीच्या दारात लष्कराच्या लिलावातून घेतलेला पेट्रोलवर चालणारा जुना ट्रक होता. त्याचं मूळचं इंजिन लाकडाच्या अवाच्या सवा भाराखाली भर रस्त्यात मोडलं, तेव्हा आबाच स्टिअरिंगवर होते. त्यांनी त्याचा असा धसका घेतला की इंजिन पुन्हा नव्यानं बांधून घेतलं आणि गावच्या भैरोबाला बोलून बसले, की पहिला भार तुझाच. देवळाच्या नव्या पायऱ्यांचे घडीव दगड ट्रकमधून वाहायचे आणि मगच बाकीची लाकडं. दगड घडवून वखारीच्या दारात आणून टाकले. पण पायऱ्या बसवायच्या चैत्रातल्या जत्रेला, आणि इंजिन तयार झालं दिवाळीच्या सुमाराला. मधल्या काळात ट्रकवर काडीचाही भार पडता कामा नये असा आबांचा हुकूम निघाला.

म्हणजे बघा, दारात ट्रक उभा आणि वखारीची लाकडं बैलगाडीनं चालली आहेत. गाडीवान ट्रकजवळून जाताना मुद्दाम बैलांना सांगायचे, "हळू रं, सायब झोपल्यात."

झोपू मात्र कोणी देत नव्हतं त्याला. रोज सकाळी आबा आंघोळ करून ट्रकला गंध लावत, उदबत्ती ओवाळत आणि इंजिन चालू करायला लावत. मग ते इंजिन जागच्या जागी हलक्या आवाजात गुरगुरत राहायचं. आबांचा चहा व्हायचा, पान व्हायचं, दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाची विचारपूस व्हायची, तरी ते गुरगुरतंच. "बेस लागलंय सुरात," असं आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. शेवटी आमचे हे ट्रक ओढ्यापर्यंत नेत, तिथून वळवत आणि परत दारात आणून लावत. ओढ्याच्या पलीकडे जायची परवानगी नव्हती. ट्रकलाही नव्हती आणि खरं सांगायचं तर यांनाही नव्हती. मिशी फुटून किती वर्षं झाली तरी घरात यांना सगळे 'बाळ' म्हणायचे. बाळ, जेवलास का. बाळ, उन्हात जाऊ नको. बाळ, जपून चालव.

इंजिन चालू झालं त्याच आठवड्यात आमचं लग्न झालं. आणि त्याच आठवड्यापासून प्लग काळे पडायला लागले. मग काय, खापर फोडायला दुसरं डोकं शोधायची गरजच उरली नाही. आधी आबांनी पेट्रोलपंपवाल्याला शिव्या दिल्या, मग प्लग नकली निघाले असं ठरलं, मग इंजिन बांधणाऱ्या गणपत हवालदारानं जुन्याच रिंगा, म्हणजे खालचं तेल वर चढू नये म्हणून दट्ट्याभोवती बसवतात त्या कड्या, घातल्या असं ठरलं. नवे प्लग आणले, तेही काळे पडले. तेव्हा आत्याबाईंनी माझ्या पायांकडे पाहिलं. त्यांनी तोंडानं काही म्हणायच्या आधीच मला कळलं की प्लग मीच काळे केलेत.

त्या सकाळी आबा वाईच्या बाजाराला निघाले होते. डोक्याला पटका गुंडाळता गुंडाळता ते यांना म्हणाले, "बाळ, आज दुपारच्या यष्टीनं हिला म्हायेरी सोडून ये."

हे दाराशी उभे होते. "किती दिवसांसाठी?" यांनी विचारलं. आवाज असा, की पलीकडच्या खोलीतल्या मांजरालासुद्धा ऐकू जाऊ नये.

"जत्रंपातूर. तवर इंजान सुधारलं तर आनू. न्हाय तर बघू."

'बघू' म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. माझं माहेर पाचगणीच्या पलीकडे, वर घाटमाथ्यावर. आमच्याच आळीतली यमू अशीच 'बघू' म्हणून परत आली होती. भावाच्या घरी बटाटे निवडत तिचे केस पिकायला लागले होते आणि तिचा नवरा दुसरी करून मोकळा झाला होता. यमूला निदान माणसांनी टाकलं होतं. मला एक इंजिन टाकत होतं.

रडू येत होतंच. पण त्याहून जास्त राग येत होता, आणि रागापेक्षाही जास्त किळस. एवढाले मिशाळ पुरुष एका यंत्रापुढे हात जोडून उभे राहतात आणि ते बिघडलं की बायकोच्या पायांकडे बघतात! यांनी एकदा तरी "असं कसं, आबा?" म्हणावं, म्हणून मी यांच्याकडे पाहिलं. हे ओढ्याकडे बघत होते.

आबा गेले आणि थोड्या वेळानं गणपत हवालदार आला. फौजेच्या वर्कशॉपात उभी हयात घालवून आलेला माणूस. मिशीला पीळ, पायात बूट, आणि फौजेत नसलेली सगळी माणसं म्हणजे शेळ्या-मेंढ्या असं त्याचं पक्कं मत. नम्रपणा हा शब्द त्यानं ऐकला असेल, पण वापरला कधी नसावा. सायकल त्यानं भिंतीला आपटलीच.

"कुठं हायत आबा?" तो ओरडला. "भर चौकात सांगत सुटलेत, हवालदारानं जुन्या रिंगा घातल्या म्हनून! माज्या हाताचं इंजान हाय त्ये. माज्या इंजानावर सायब लढाईला गेल्यात!"

"बाजाराला गेल्यात," हे म्हणाले.

"मग तू सांग. आधी कार्बोरेटर साफ केला, चोक बघितला, पाइंट बघितलं, प्लग गरम जातीचं घातलं. तरी बी काळं? दाव बघू."

हे माझ्याकडे वळले. मी ताटली पुढे केली. दोन प्लग घासून झाले होते, चार तसेच होते. हवालदारानं न घासलेला एक उचलला, त्याच्या टोकावरून अंगठा फिरवला आणि अंगठा उन्हात धरला.

"सूनबाई, कंदिलाच्या काचंवरची काजळी कशी असती?"

"कोरडी," मी म्हटलं. "फुंकरीनं उडते."

"आनि ही?"

ती उडत नव्हती. काळी, चिकट, उन्हात चमकणारी. पापड तळल्यावर कढईच्या काठाला बसते तशी.

"पेट्रोल जास्त झालं असतं तर कोरडी काजळी धरली असती," हवालदार यांना म्हणाला. "ह्ये त्याल हाय. खालचं त्याल रिंगा चुकवून वर चढतंय. एका सिलिंडरात न्हाय, साहीत. म्हंजी रिंगा बसल्याच न्हाईत. मी काय सांगितलं हुतं? पैल्या दिवसापासनं भार घालून चालव, चढावर ओढ, उतारावर सोड. क्येलं का तसं?"

"व्हय," हे म्हणाले.

"रोज चालवता?"

"रोज."

"भरून?"

"व्हय."

खोटं बोलताना माणूस निदान जरा अडखळतो. हे अडखळलेसुद्धा नाहीत, इतक्या वेळा आबांनी हे पाठ करून घेतलं होतं. देवाला बोललो म्हणून ट्रक उभा ठेवलाय, हे फौजेतल्या माणसाला सांगायची आबांना लाज वाटत होती. तो हसला असता ना! वैद्याला दुखणं चोरून सांगायचं आणि मग औषध लागू पडत नाही म्हणून सुनेला घालवायचं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हातातला ब्रश मी ताटलीत आपटला.

"हवालदार," मी म्हटलं, "हा ट्रक ओढ्याच्या पलीकडं गेलेला नाही. ह्याच्यावर एक ओंडका चढलेला नाही. रोज सकाळी दारात उभा राहून गुरगुरतो आणि मामंजी उदबत्ती ओवाळतात. पहिला भार देवाचा, तोही जत्रेला. तोवर नुसती आरती."

आत्याबाई ओसरीवरून कडाडल्या, "आगं ए, जीभ हाय का काय!"

हवालदाराचा चेहरा मात्र असा लाल झाला की मला वाटलं आता हा यांच्या कानाखाली देतो.

"दिवाळीपासनं नुसतं उभं?" तो हळू आवाजात म्हणाला. "आरं, नव्या इंजानाचा जीव घेतलास की! रिंगा सिलिंडरच्या भिंतीला घासून बसत्यात. आत दाब आला की त्या भिंतीवर रेटल्या जात्यात, आनि दाब येतो भार ओढल्यावर. नुसतं गुरगुरत ठिवलं की भिंती काचंगत गुळगुळीत व्हत्यात आनि रिंगा जलमात बसत न्हाईत. तुमी जपलं म्हनून बिघडलंय त्ये!"

"मग आता?" यांनी विचारलं.

"भार घालायचा आनि घाट चढवायचा. आत्ताच्या आत्ता. पसरणीचा घाट, पेट्रोल दाबत-सोडत. नशिबात असंल तर बसतील रिंगा. न्हाय बसल्या, तर समदं इंजान परत खोलायचं."

यांची पाचावर धारण बसली. "आबांना इचारल्याबिगर?"

"आबांनी तुम्हाला मला माहेरी सोडायला सांगितलंय," मी म्हटलं. "कशातून सोडायचं ते सांगितलेलं नाही. माझं माहेर घाटाच्या वरच आहे."

"दोघांचा आनि चार भांड्यांचा काय भार व्हनार?" हवालदार म्हणाला. "भरून पायजे. वखारीतली लाकडं घाल."

"लाकडं न्हाईत चालायची!" हे एकदम म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलले, तेही नाही म्हणायला. "पैला भार देवाचा हाय. आबा बोलल्यात."

मी वखारीच्या दाराकडे पाहिलं. तिथं देवाचे दगड दिवाळीपासून पडून होते. एकेक दगड असा, की उचलायला चार माणसं लागावीत.

"मग देवाचाच घाला," मी म्हटलं. "पहिला भार देवाचा असायला हवा, एवढंच बोललेत ना? देऊळ समोर आहे. आपण जरा लांबच्या वाटेनं नेऊ."

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच हसला. मग त्यानं वखारीतल्या हमालांना अशी हाळी दिली की लाकडांवरची कबुतरं उडाली. हमालांना तेवढंच हवं होतं. ते ट्रकला कंटाळलेच होते. फळ्या लावून, वासे घालून, हैस्सा करत त्यांनी दगड चढवले. ट्रकच्या स्प्रिंगांच्या पाट्या करकरत खाली बसल्या. हे नुसते बघत उभे होते. नको म्हणायचीही ताकद उरली नव्हती आणि हो म्हणायची तर कधी नव्हतीच.

आत्याबाई पदर खोचून पुढे आल्या. "कोन म्हनतंय भार घाला म्हनून? त्यांना कळलं तर..."

"देवाचा भार हाय, वहिनी," हवालदार म्हणाला.

आत्याबाईंचे हात आपोआप जोडले गेले. त्यांनी दगडांना नमस्कार केला. नंतर आपण भांडायला आलो होतो हे त्यांना आठवलं, पण तोवर हवालदार आपल्या पिशवीतले कोरे प्लग बसवायला इंजिनात शिरला होता. ताटलीतला एक न घासलेला काळा प्लग मी उचलून कमरेला खोचला. का, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

आम्ही निघालो. हे स्टिअरिंगवर, मी मध्ये, दाराशी हवालदार. ओढा आला तसा यांचा पाय सवयीनं ब्रेकवर गेला.

"थांबलास तर मी चालवीन आनि तुला दगडावर बसवीन," हवालदार म्हणाला.

ओढा ओलांडला. वाई मागं पडली आणि घाट सुरू झाला. मागून निळसर धुराचा लोट असा उठला की मागच्या एसटीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून आमच्या सात पिढ्या काढायला लागला. हवालदार खिडकीतून डोकं बाहेर काढून कान देत होता आणि ओरडत होता, "दाब! आनखी दाब! आता सोड. सोड म्हनतो ना! परत दाब!" इंजिन आजवर कधी ऐकला नव्हता अशा आवाजात ओरडत होतं. यांच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. पुसायलाही हात सोडवत नव्हता.

अर्ध्या घाटात, एका अवघड वळणावर, इंजिनानं उचकी दिली. एकदा, दोनदा. तोच तो दारातला खोकला. ट्रक थरथरला. खाली दरी आणि मागं देवाचे दगड. मनात आलं, आता बंद पडला, की मी पायी चालत माहेरी जाणार आणि जन्मभर यमूच्या शेजारी बसून बटाटे निवडणार.

"बंद पडतंय!" हे म्हणाले आणि पाय उचलायला लागले.

"पाय उचलशील तर मरशील!" हवालदार गरजला. "दाब तसाच! पेटू दे त्याल!"

यांनी डोळे मिटले की काय कोण जाणे, पण पाय दाबला. ट्रक पुन्हा एकदा अडखळला, मग जणू घशातलं काही थुंकून टाकल्यासारखा मोकळा झाला आणि वर चढायला लागला. पुढच्या दोन-तीन वळणांत धूर विरळ झाला. माथ्यावर पोचलो तेव्हा मागं नुसता रस्ता दिसत होता.

हवालदारानं ट्रक सावलीला लावायला सांगितला. इंजिनाच्या तोंडातून वाफ येत होती. हाताला फडकं गुंडाळून त्यानं एक प्लग खोलला आणि आमच्यापुढे धरला. टोक कोरडं होतं. चहात दूध घातल्यावर येतो तसा रंग.

"बसायला लागल्या रिंगा," तो म्हणाला. "अजून धा-बारा खेपा भरून मारा, मग बघायला नको. कुनाच्या हातचं इंजान हाय!" मिशीवरून हात फिरवत तो झाडाखाली विडी ओढायला गेला. स्वतःच्या हातावर एवढं प्रेम असलेला माणूस मी परत पाहिला नाही.

यांचा चेहरा फुलला होता. तो प्लग हे या बोटातून त्या बोटात फिरवत होते. नव्या बायकोकडेही यांनी इतकं निरखून कधी पाहिलं नव्हतं.

"झालं की काम," हे म्हणाले. "चल, आता तुला घरी सोडतो. आबा इंजान बघतील, खूश व्हतील. मग जत्रा झाली की येतो न्यायला."

मी यांच्या तोंडाकडे पाहिलं. या माणसाला खरंच कळत नाही, की कळतं आणि चालतं, याचा अंदाज घेत होते.

"मला इथं सोडून तुम्ही एकटे खाली जाणार," मी म्हटलं. "ट्रक नीट चालतोय. मामंजी काय म्हणतील?"

"काय म्हनतील?"

"म्हणतील, बघा, ती गेली आणि इंजिन सुधारलं."

यांच्या हातातला प्लग थांबला.

"तुम्ही काय सांगाल त्यांना?" मी विचारलं.

हे पुन्हा प्लग फिरवायला लागले. हवालदाराची विडी संपत आली. खालून चढून आलेली ती एसटी आमच्याजवळून गेली आणि ड्रायव्हर पुन्हा काहीतरी बोलला. हे खाली ओढ्याच्या दिशेला बघत होते. आणि मग मला सगळंच स्वच्छ दिसलं. आबांनी इंजिन आणि मुलगा दोन्ही सारखेच जपले होते. दारात उभे ठेवून, ओवाळून, ओढ्यावरून परत वळवून. आत दाब म्हणून कधी येऊच दिला नव्हता.

आमच्याकडे नवऱ्याचं नाव घेत नाहीत. उखाण्यात घेतलं तेवढंच. त्या दिवशी मी ते उखाण्याशिवाय घेतलं.

"सर्जेराव," मी म्हटलं, "गाडी वळवा. मी परत येणार आहे. आज नाही वळवली तर परत कधीच येणार नाही. तुम्ही दहा वेळा न्यायला आलात तरी नाही."

नाव ऐकून ते दचकले. घरात त्या नावानं त्यांना कोणी हाक मारतच नव्हतं. असं शूराचं नाव ठेवून आयुष्यभर 'बाळ' म्हणायचं, हीसुद्धा बाबरांचीच अक्कल. ते माझ्याकडे बघत राहिले. मग प्लग हवालदाराच्या हातात देऊन म्हणाले, "बसवा. माघारी जायचं हाय."

घाट उतरल्यावर ओढ्याशी त्यांचा पाय ब्रेकवर गेला नाही.

वखारीच्या दारात आबा उभे होते. बाजारातून येऊन त्यांना सगळं कळलं होतं आणि हातात काठी होती. पण आधी त्यांना ट्रक दिसला नाही, ऐकू आला. लांबूनच इंजिनाचा तो भरलेला, एकसारखा आवाज आला तशी त्यांच्या तोंडावरची रेषा न् रेषा बदलली. ट्रक थांबायच्या आधीच ते आत्याबाईंकडे वळून आनंदानं ओरडले, "बघ, बघ! सांगत हुतो का न्हाय? पिडा गेली आनि इंजान सुधारलं!"

मी दार उघडून खाली उतरले.

"गेली कुठं, मामंजी?" मी म्हटलं. "पिडा ही इथं आहे."

आबांनी माझ्याकडे पाहिलं, मग इंजिनाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. काही जुळेना. इंजिन आपलं सुरात चाललं होतं. आता तोंडातून काय काढावं हे त्यांना सुचत नव्हतं, आणि मला त्यांची अजिबात दया आली नाही.

सुचलं ते आत्याबाईंना. त्या लगबगीनं आत गेल्या आणि भाकरीचा तुकडा नि तांब्याभर पाणी घेऊन आल्या. "आवं, खुळं का काय तुमी," त्या आबांना म्हणाल्या. "देवाचा भार घिऊन घाट चढून आली! हिच्या पायगुणानंच सुधारलं की. लक्ष्मी हाय माजी सून. थांब गं बाई, ववाळू दे."

आबांना सुटका मिळाल्यासारखं झालं. "व्हय की!" ते लगेच म्हणाले. "लक्ष्मीच!"

सकाळी अवदसा, दुपारी लक्ष्मी. मधे बदललं काय, तर प्लगचा रंग. सकाळच्या अपमानापेक्षा मला त्या ओवाळण्याची जास्त चीड आली. मी मागं सरकले.

"मला ओवाळू नका," मी म्हटलं. "सकाळी मी बिघडवलं नव्हतं आणि आता मी सुधारवलेलं नाही. रिंगा होत्या, आत्याबाई."

"ह्या घरात सुनंनं असं बोलायचं..." आबांनी काठी उचलली.

"ती म्हनती त्ये खरं हाय, आबा."

आवाज मागून आला. सर्जेराव ट्रकमधून उतरले होते. मान खालीच होती, पण आवाज सगळ्या हमालांना ऐकू गेला. "रिंगा बसल्या न्हवत्या. आपन बसू दिल्या न्हाईत. आनि हवालदारास्नी आपन खोटं सांगितलं. मी सांगितलं."

आबांची काठी हळूहळू खाली आली. मुलगा मोठ्यानं बोललेला त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. त्यामुळे त्यावर काय करायचं असतं हे त्यांना माहीत नव्हतं. शेवटी ते हमालांवर ओरडले, "बघताय काय? दगड उतरवा देवळात!"

पायऱ्या जत्रेच्या आधीच बसल्या. भैरोबाची काही तक्रार आली नाही. आठ दिवसांत आबा चौकात सांगायला लागले, की इंजिनाला भार लागतो हे आपण पहिल्यापासून म्हणत होतो, पण हवालदार ऐकेल तर शपथ. ऐकणारेही मान डोलवत. ट्रक पुढं लाकडं वाहत राहिला आणि प्लग महिनोन्महिने काढावे लागले नाहीत. सर्जेरावांना आत्याबाई नंतरही बाळच म्हणायच्या, पण ते ओ देईनासे झाले.

काही वर्षांनी धाकट्या दिराचं लग्न झालं. नवी जाऊ, पारू, घरात आली आणि त्याच आठवड्यात ट्रकचं मागचं टायर फुटलं. आम्ही सगळ्या ओसरीवर भाजी निवडत होतो. निरोप आला तसा आत्याबाईंचा हात थांबला. डोळे हळूच पारूच्या पायांकडे गेले. पारूनं पाय लुगड्यात ओढून घेतले. बिचारीला अजून कोणी काही म्हटलंही नव्हतं.

मी उठले. देवघराच्या कोनाड्यात, कुंकवाच्या करंड्यामागं, तो काळा प्लग होता. घासलेला नाही, पुसलेला नाही. तो आणला आणि आत्याबाईंच्या पुढ्यातल्या भाजीच्या परडीत ठेवला.

आत्याबाईंनी प्लगकडे पाहिलं. मग मेथीची एक काडी उचलून तिची पानं खुडायला लागल्या.

"टायर जुनं हुतं त्ये," त्या म्हणाल्या.